इसाक लेव्हितान : हद्दपाराने रंगवलेला देश

आजची सुरुवात आपण एका चित्राने करू. पडद्यावर जे दिसतंय ते आधी शांतपणे बघा. नाव, साल, चित्रकार हे सगळं नंतर येईलच.

एक कच्चा रस्ता आहे. आपल्या पायापाशी तो चांगला रुंद आहे आणि पुढे जाता जाता बारीक होत क्षितिजाला मिळतो. त्याच्या दोन्ही अंगांना पायवाटा पडल्या आहेत. बाजूला माळ, खुरटं गवत, मधेच झाडीचा पट्टा. वर ढगांनी भरलेलं करडं आकाश. उजव्या बाजूला रस्त्याकडेला लाकडाचा एक छोटा क्रॉस उभा आहे, आणि त्याच्याजवळ पाठीवर गाठोडं घेतलेली एक बाई. ती इतकी लहान आहे की पहिल्या नजरेत सुटूनच जाते. फार लांब, अगदी क्षितिजाशी, चर्चचा एक पांढरा ठिपका. बस्स. यापलीकडे चित्रात काही घडत नाही.

चित्राचं नाव आहे ‘व्लादिमिरका’. साल १८९२. आकार साधारण ७९ बाय १२३ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या मध्यम टेबलाएवढा. पण मॉस्कोत हे नाव उच्चारलं की त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांसमोर रस्ता येत नसे, बेड्या येत असत. मॉस्कोहून पूर्वेला व्लादिमिर शहराकडे आणि तिथून पुढे सायबेरियाकडे जाणारा हा जुना राजमार्ग. झारच्या राज्यातले कैदी आणि हद्दपार लोक पिढ्यान् पिढ्या याच रस्त्याने, पायांत लोखंड घालून, पायी नेले गेले. आपल्याकडे ‘काळं पाणी’ म्हटलं की समुद्राच्या पाण्याचा रंग कुणाच्या मनात येत नाही, तसंच काहीसं.

आता गंमत बघा. चित्रात कैदी नाही, शिपाई नाही, बेडी नाही. त्या काळच्या दुसऱ्या एखाद्या रशियन चित्रकाराने हा विषय घेतला असता तर कैद्यांची रांग, रडणारी आई, घोड्यावरचा अधिकारी असं सगळं मांडलं असतं, आणि तेही वाईट झालं नसतं. या माणसाने फक्त रस्ता रंगवला. तो माणूस म्हणजे इसाक लेव्हितान. रशियन लोकांना स्वतःचा देश बघायला ज्यांनी शिकवलं, त्यांत याचं नाव अगदी वरचं आहे. आणि त्याच देशाने त्याला, तो ज्या शहरात वाढला त्या शहरातून, एकदा नव्हे दोनदा बाहेर काढलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हा आजचा आपला प्रश्न आहे.

आधी माणसाची ओळख करून घेऊ. लेव्हितानचा जन्म ३० ऑगस्ट १८६० चा. गाव किबार्ताय, आजच्या लिथुआनियात, तेव्हा रशियन साम्राज्याच्या अगदी पश्चिम टोकाला. कुटुंब ज्यू, शिकलेलं आणि गरीब. वडील भाषा शिकवत, दुभाषाचं काम करत. दोन भाऊ, दोन बहिणी. बरे दिवस येतील या आशेने कुटुंब १८७० च्या सुमारास मॉस्कोला आलं.

‘आलं’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण इथे जरा थांबायला हवं. रशियन साम्राज्यात ज्यू माणसाला वाटेल तिथे राहता येत नसे. पश्चिमेकडचे काही प्रांत ठरवून दिलेले होते आणि त्यांच्या बाहेर राहायचं तर विशेष परवानगी लागे. मोठे व्यापारी, विद्यापीठाचे पदवीधर, काही प्रकारचे कारागीर अशा ठरावीक लोकांना ती मिळे. बाकीच्यांच्या डोक्यावर टांगती तलवार. म्हणजे मॉस्कोत घर करून राहणं हा लेव्हितानसारख्या माणसाचा हक्क नव्हता, ती सवलत होती, आणि सवलत कधीही काढून घेता येते.

१८७३ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, तो मॉस्कोच्या चित्र, शिल्प आणि वास्तुकला विद्यालयात दाखल झाला. मोठा भाऊ आधीच तिथे शिकत होता. १८७५ मध्ये आई गेली, १८७७ मध्ये वडील गेले. राहायला जागा नाही, खायला पैसे नाहीत. रात्री शाळेच्याच इमारतीत लपून झोपायचं, फी भरता आली नाही की नाव कापलं जायचं, मग कुणीतरी पैसे भरले किंवा शाळेने फी माफ केली की पुन्हा आत. सोबत्यांनी आणि शिक्षकांनी सांभाळलं म्हणून हा मुलगा टिकला.

त्या शाळेत त्याला शिक्षक भेटले अलेक्सी साव्रासोव्ह. साव्रासोव्हांचं महत्त्व कळायचं तर तेव्हाची निसर्गचित्राची रीत लक्षात घ्यावी लागेल. सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत सुंदर निसर्ग म्हणजे इटली, हा संस्कार फार पक्का होता. निळा समुद्र, सोनेरी ऊन, जुने भग्न अवशेष. रशियाचा चिखल, सपाट माळरान आणि सहा महिन्यांचा बर्फ यांत चित्र काढण्यासारखं काय आहे? १८७१ मध्ये साव्रासोव्हांनी एक चित्र केलं, ‘कावळे परतले’. खरं तर ते रूक नावाचे, कावळ्याच्याच जातकुळीतले पक्षी. वितळायला लागलेला मळका बर्फ, वाकडेतिकडे बर्च, त्यांवर घरटी, मागे एका खेड्यातलं चर्च. वसंत येतोय, एवढीच बातमी. ‘पेरेद्विझ्निकी’ म्हणजे गावोगाव फिरती प्रदर्शनं भरवणाऱ्या चित्रकारांच्या संघाचं पहिलं प्रदर्शन त्याच वर्षी भरलं, आणि त्यात या चित्राने लोकांना सांगितलं की आपल्या परसातही चित्र आहे.

लेव्हितान हा साव्रासोव्हांचा लाडका विद्यार्थी. पुढे साव्रासोव्ह दारूच्या आहारी गेले, १८८२ मध्ये नोकरी गेली, अखेरचे दिवस हलाखीत काढले. १८९७ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्यावर कृतज्ञतेने लेख लिहिणाऱ्यांत लेव्हितान होता. आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत हे तो विसरला नाही.

आता १८७९ कडे येऊ. त्या वर्षी एप्रिलमध्ये झार दुसरा अलेक्झांडर याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा ज्यू नव्हता. पण त्यानंतर मॉस्कोतल्या ज्यूंना बाहेर काढण्याचा हुकूम निघाला आणि लेव्हितान भावंडांना शहराबाहेर साल्तिकोव्हका या वस्तीत राहायला जावं लागलं. तो अठरा वर्षांचा होता. अंगावरचे कपडे इतके फाटके की लोकांच्या नजरेला पडायचीही लाज वाटायची.

त्याच वर्षी त्याने ‘शरदाचा दिवस, सोकोल्निकी’ हे चित्र पूर्ण केलं. सोकोल्निकी ही मॉस्कोतली बाग. उंच काळसर पाइन, मधून वळत जाणारी वाट, कडेला पिवळी पानं, आणि वाटेवरून आपल्याकडे चालत येणारी काळ्या पोशाखातली एकटी बाई. पावेल त्रेत्याकोव्ह या कापड व्यापाऱ्याने, ज्यांनी रशियन चित्रांचा सगळ्यात मोठा संग्रह उभा केला, ते १८८० मध्ये विकत घेतलं. हद्दपार विद्यार्थ्याचं चित्र थेट त्रेत्याकोव्हांच्या भिंतीवर! पण एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. ती बाई लेव्हितानने काढलेली नाही. ती काढली त्याचा वर्गमित्र निकोलाय चेकॉव्ह याने. निसर्ग एकाचा, माणूस दुसऱ्याचा. पुढे लेव्हितानच्या मोठ्या चित्रांतून माणसं जवळजवळ नाहीशीच होतात. राहतात त्या माणसांच्या खुणा: वाट, पूल, होडी, दिवा, घंटाघर.

निकोलायचा धाकटा भाऊ म्हणजे कथाकार अंतोन चेकॉव्ह. दोघेही १८६० चेच. त्यांची मैत्री आयुष्यभर टिकली, मधे एक मोठी खोट येऊनही. १८८५ पासूनचे काही उन्हाळे चेकॉव्ह कुटुंब मॉस्कोजवळ बाबकिनो या ठिकाणी राहत असे आणि लेव्हितान त्यांच्यातच असे. सोंगं, नाटकं, शिकार, मासेमारी. आणि मधेच लेव्हितानचं मन अंधारून येई. दिवसच्या दिवस कुणाशी बोलणं नाही. आज ज्याला आपण नैराश्याचा आजार म्हणू तो त्याला तरुणपणापासून होता. तो आजार नुसता परिस्थितीमुळे आला असं म्हणणं सोपं आहे; पण मनाचे आजार इतके सरळ नसतात, आणि त्याची चित्रंही नुसत्या दुःखाची नाहीत. हे आपण पुढे पाहणारच आहोत.

१८८७ मध्ये तो व्होल्गा नदीवर गेला. पहिल्या भेटीत निराश होऊन परतला. एवढी मोठी नदी, करडी, ओसाड. तिचं करायचं काय हेच कळेना. १८८८ मध्ये तो पुन्हा गेला. सोबत चित्रकार सोफिया कुवशिन्निकोवा होत्या. नदीकाठचं प्ल्योस हे छोटं गाव त्यांना आवडलं आणि पुढचे दोन उन्हाळेही त्यांनी तिथेच काढले. या तीन उन्हाळ्यांत लेव्हितान हा लेव्हितान झाला, असं म्हणायला हरकत नाही.

‘पावसानंतर, प्ल्योस’ हे १८८९ चं चित्र घ्या. काठावर ओलं गवत, नदीत भिजलेल्या होड्या, पलीकडे गाव, आणि ढग फाटून आलेला चंदेरी उजेड. पाऊस चित्रात नाही, तो नुकताच गेलाय. लेव्हितानची ही खरी खुबी. घटना होऊन गेल्यावरचा क्षण तो पकडतो. उघड्यावर बसून तो भराभर लहान अभ्यासचित्रं करी, मोठं चित्र मात्र स्टुडिओत, बरंचसं आठवणीवर. आठवणीत जे गळून पडतं ते गळू द्यायचं. रशियन समीक्षेत अशा चित्रांना ‘मनःस्थितीचं निसर्गचित्र’ असं नाव पडलं. डोळ्यांना दिसलं ते सगळं टिपायचं नाही, ते बघताना मनाचं काय झालं ते टिपायचं. कवितेत आपल्याला ही गोष्ट ओळखीची आहे. चिखलाच्या काठाने ती साधणं अवघड होतं.

१८९१ पर्यंत त्याचं बस्तान बसलं होतं. तो पेरेद्विझ्निकी संघाचा सदस्य झाला. ‘शांत मठ’ या चित्राने त्याचं नाव घरोघर पोचवलं. मॉस्कोत त्याला एका श्रीमंत चाहत्याने दिलेला चांगला स्टुडिओ होता. आणि आता येतं ते १८९२ साल. या एका वर्षातल्या तीन गोष्टी आपल्याला शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत.

पहिली. उन्हाळ्यात लेव्हितान आणि कुवशिन्निकोवा व्लादिमिर प्रांतात, बोल्दिनो स्टेशनजवळच्या एका खेड्यात राहत होते. कुवशिन्निकोवांनी आठवणींत लिहिलंय की एकदा शिकारीहून परतताना ते दोघे एका जुन्या रस्त्यावर आले. संध्याकाळ होती, शांत, सुंदर. रस्ता दोघांनाही आवडला. आणि मग लेव्हितानला एकदम उमगलं की ही तर व्लादिमिरका! रेल्वे आल्यावर कैदी गाडीने जाऊ लागले होते, रस्ता ओस पडला होता. ज्या लोहमार्गावरच्या स्टेशनजवळ ते राहत होते, त्यानेच या रस्त्याचं काम काढून घेतलं होतं. लेव्हितानने तिथे पुन्हा पुन्हा जाऊन अभ्यासचित्र केलं.

दुसरी. ऑगस्टमध्ये त्रेत्याकोव्हांनी आपला अख्खा संग्रह, एक हजाराहून जास्त रशियन चित्रं आणि दिवंगत भावाचा संग्रहही, मॉस्को शहराला दान केला. म्हणजे लेव्हितानची त्यातली चित्रं आता मॉस्कोची, सार्वजनिक मालकीची झाली.

तिसरी. सप्टेंबरमध्ये लेव्हितानला मॉस्को सोडण्याचा हुकूम मिळाला. झारचा भाऊ ग्रँड ड्यूक सर्गेई १८९१ मध्ये मॉस्कोचा गव्हर्नर जनरल झाला आणि शहरातून ज्यूंना काढण्याची मोहीम सुरू झाली. कारागीर, दुकानदार, म्हातारे माजी सैनिक, सुमारे २० हजार माणसं या मोहिमेत बाहेर पडली. त्यांत एक हा चित्रकार.

म्हणजे बघा, चित्रं शहराची झाली आणि त्याच सुमाराला चित्रकार शहराला नकोसा झाला. यावर आम्ही वेगळं भाष्य करण्याची गरज नाही.

मित्रांनी आणि ओळखीपाळखीच्या वजनदार लोकांनी खटपट केली. वर्ष संपायच्या आत त्याला परतायला परवानगी मिळाली. पण हेही विसरून चालणार नाही की बाकीच्या हजारोंच्या मागे खटपट करायला असं कुणी नव्हतं. त्यांच्या नशिबी परतीची वाट आली नाही.

आता एक खबरदारी. मोह होतो की म्हणावं, लेव्हितानने ‘व्लादिमिरका’त स्वतःची हद्दपारी रंगवली. तारखा मात्र तसं सांगत नाहीत. रस्ता त्याला दिसला उन्हाळ्यात, हुकूम आला शरदात. शिवाय तो स्वतः सायबेरियाला कधी गेला नाही, त्याच्या पायांत बेडी पडली नाही. त्याचं दुःख आणि त्या कैद्यांचं दुःख एकच आहे असं म्हणणं कैद्यांवर अन्याय होईल. दोन वर्षांपूर्वी, १८९० मध्ये, त्याचा मित्र चेकॉव्ह सखालिन बेटावरची काळ्या पाण्याची वसाहत प्रत्यक्ष बघून आला होता. तिथलं वास्तव काय असतं हे या मित्रमंडळाला चांगलं ठाऊक होतं.

मग आम्हाला काय म्हणायचंय? एवढंच, की रस्ता म्हणजे काय असू शकतो हे लेव्हितानला एकोणिसाव्या वर्षापासून माहीत होतं. घर असलेल्या माणसाला रस्ता घरी आणतो. ज्याचं घर एका कागदावर टिकून आहे, त्याला रस्ता दोन्ही दिशांनी दिसतो. म्हणून त्या संध्याकाळी त्याला सुंदर रस्त्याखालचा दुसरा रस्ता दिसला. आणि तो दिसल्यावरही त्याने सौंदर्य पुसून टाकलं नाही. माळ तसाच मोकळा आहे, लांबवर उजेडाचा पट्टा आहे, ती बाई क्रॉसपाशी थांबली आहे. कैदी दाखवला असता तर आपण कैद्याकडे बघितलं असतं, हळहळलो असतो आणि पुढच्या चित्राकडे गेलो असतो. इथे रस्ता रिकामा आहे, आणि तो आपल्याच पायापाशी सुरू होतो. त्यावर उभे कोण आहे? आपण.

हे चित्र त्याने १८९४ मध्ये त्रेत्याकोव्हांना भेट दिलं. विकलं नाही. मॉस्कोच्या संग्रहाला.

त्याच १८९४ मधलं ‘चिरशांतीच्या वर’ हे त्याचं सगळ्यात मोठं चित्रांपैकी एक, दीड मीटर उंच आणि दोन मीटरहून रुंद. टेकाडाच्या टोकावर छोटं लाकडी चर्च, मागे वाकलेले क्रॉस असलेली दफनभूमी, खाली अफाट पाणी, वर अफाट आकाश. पाणी त्याला त्वेर प्रांतात, विश्नी वोलोच्योकच्या बाजूच्या तलावाकाठी सापडलं. चर्च मात्र प्ल्योसच्या जुन्या अभ्यासचित्रातलं. ते खरं चर्च पुढे १९०३ मध्ये जळालं. चित्रात चर्चच्या खिडकीत एक बारीक दिवा आहे. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात माणसाची तेवढीच खूण. एका ज्यू माणसाने रशियाला दिलेलं हे रशियन चर्चचं बहुधा सगळ्यात आठवणीत राहणारं चित्र असेल.

मघाशी चेकॉव्हशी आलेली खोट म्हटली ती अशी. चेकॉव्हच्या ‘टोळ’ या अर्थाच्या नावाच्या कथेत, १८९२ मध्येच, एक डॉक्टर, त्याची हौशी चित्रकार बायको आणि तिचा निसर्गचित्रकार प्रियकर असं त्रिकूट आलं. कुवशिन्निकोवांचे पती डॉक्टर होते. मॉस्कोत सगळ्यांनी बोट दाखवलं. लेव्हितान दुखावला, बोलणं बंद झालं. जानेवारी १८९५ मध्ये एक तरुण लेखिका, तात्याना शेप्किना कुपेर्निक, त्याला जवळजवळ ओढूनच मेलिखोव्होला चेकॉव्हच्या दारात घेऊन गेली. दोघे क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले आणि हात मिळाले. मग जणू काही झालंच नव्हतं अशा गप्पा.

आणि १८९५ चं ‘मार्च’! दाराशी उभा घोडा, वितळता बर्फ, बर्फावर निळ्या सावल्या, भिंतीवर पिवळं ऊन. त्याच वर्षाचं ‘सोनेरी शरद’, पिवळ्या बर्चचं, निळ्या नदीचं. उत्सवच. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याने जीव द्यायचा प्रयत्नही केला होता आणि चेकॉव्ह त्याला बघायला धावून गेला होता. दुःखी माणूस म्हणून दुःखी चित्रं, हे समीकरण इथे मोडतं. ते मोडलेलंच बरं.

पुढची वर्षं हृदयविकाराची. १८९७ पर्यंत दुखणं हाताबाहेर गेलं होतं आणि डॉक्टर असलेल्या चेकॉव्हला ते कळत होतं. १८९८ मध्ये अकादमीने लेव्हितानला ‘अकादमीशियन’ ही पदवी दिली आणि ज्या शाळेत तो लपून झोपायचा तिथेच तो निसर्गचित्राचा शिक्षक झाला. हिवाळ्यात मुलांना बाहेर नेता येत नाही म्हणून त्याने कुंड्यांतून झाडं वर्गात आणवली, वर्गातच रान उभं केलं. १८९९ च्या अखेरीस तो याल्टाला चेकॉव्हकडे गेला. क्षयाने खंगलेला चेकॉव्ह म्हणाला, उत्तरेकडच्या रशियाची आठवण येते. लेव्हितानने पुठ्ठा मागवला आणि बसल्या बैठकीत चांदण्यातल्या गवताच्या गंज्या रंगवून दिल्या. ते चित्र त्या घरात शेकोटीच्या वरच्या कोनाड्यात बसवलं गेलं.

४ ऑगस्ट १९०० रोजी, चाळीस पूर्ण व्हायला महिनाही उरला नसताना, तो गेला. ‘सरोवर’ हे मोठं चित्र अपुरं राहिलं. आपली सगळी पत्रं जाळून टाकायला त्याने भावाला सांगितलं होतं आणि भावाने ती जाळली. दफन मॉस्कोच्या ज्यू दफनभूमीत झालं. १९४१ मध्ये त्याचे अवशेष नोवोदेविची दफनभूमीत हलवले गेले, चेकॉव्हच्या कबरीजवळ. मेल्यावरही एकदा जागा बदलावी लागलीच, पण या वेळी मुक्काम मॉस्कोतच राहिला.

आज रशियन शाळांत मुलं लेव्हितानच्या चित्रांवर निबंध लिहितात. ‘आपला देश’ म्हटलं की अनेकांच्या मनात जो बर्च, जी नदी, जो करडा माळ येतो तो याने दिलेला आहे. देश कुणाचा, हे ठरवणारे कागद तेव्हाही होते, आजही अनेक देशांत आहेत. त्या कागदांवर सह्या करणाऱ्या मॉस्कोतल्या अधिकाऱ्यांनी त्या मातीकडे इतकं निरखून कधी बघितलं असेल, असं आम्हाला वाटत नाही.

शेवटी दिवे लावण्यापूर्वी ‘व्लादिमिरका’ पुन्हा एकदा पडद्यावर आणू. आता उजवीकडची ती बाई सगळ्यांना लगेच दिसली असेल.